परदेशी फाउंड्रीतून कास्टिंग मागवताय? डिलिव्हरीचं वेळापत्रक असं बसवा

मागच्या महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका पंप युनिटमध्ये पर्चेसला नवीन लागलेला एक पोरगा भेटायला आला, हातात पीओची (खरेदीच्या ऑर्डरची) झेरॉक्स, चीनमधल्या फाउंड्रीकडून पंपाची केसिंग (बाहेरचं ओतीव कवच) मागवायची होती, आणि डिलिव्हरीच्या रकान्यात फक्त "९० दिवस" एवढंच लिहिलेलं. मी त्याला विचारलं, नव्वद दिवस कधीपासून? पीओ पाठवल्यापासून, अ‍ॅडव्हान्स पोचल्यापासून, का सॅम्पल पास झाल्यापासून? आणि नव्वद दिवसांनी माल नेमका कुठे असणार, त्यांच्या गेटवर, त्यांच्या बंदरावर, का आपल्या मशीन शॉपमध्ये? त्याला एकाचंही उत्तर देता येईना, आणि यात त्याची काही चूक नाही, त्याला कुणी बसवून सांगितलंच नव्हतं. मी बरीच वर्षं हेच काम करतोय, त्या पोराला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, म्हणजे आपल्या सोलापुरातल्या इतर नवीन मुलांना पण उपयोग होईल.

आधी स्वतःला विचारा, बाहेरून मागवायची खरंच गरज आहे का

कोल्हापूर आपल्यापासून अडीचशे किलोमीटरच्या आत आहे, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडे फाउंड्र्याच फाउंड्र्या, रात्री ट्रक भरला तर सकाळी माल दारात. आणि खुद्द आपल्या सोलापुरातून प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारखी कंपनी कॅमशाफ्ट ओतून परदेशात पाठवते, म्हणजे ओतकाम आपल्याकडे नवीन नाही. त्यामुळे साधं ग्रे आयर्न असेल, जॉब लहान असेल, तर किलोमागे चार-सहा रुपये वाचतात म्हणून समुद्रापलीकडून मागवू नका, ते पैसे स्टॉकमध्ये अडकलेल्या भांडवलात आणि एखाद्या डिटेन्शनच्या (कंटेनर उशिरा परत केल्याच्या) बिलात कधी जातात कळत सुद्धा नाही.

बाहेरून मागवायचं ते कधी? ग्राहकाने ठरावीक फाउंड्रीच अ‍ॅप्रूव्ह केली असेल तेव्हा, परदेशी कोलॅबोरेटरचा पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा पाडतात तो नमुना) तिकडेच पडलेला असेल तेव्हा, किंवा ग्रेड असा असेल (डुप्लेक्स स्टेनलेस वगैरे) की इथे कमी नगात कुणी हात लावायला तयार नाही. अशी कारणं असतील तर पुढे वाचा.

तारीख पुढून नाही, मागून मोजायची

वेळापत्रक म्हणजे पीओच्या तारखेत दिवस मिळवत जाणं नाही. आपल्या मशीनवर पहिलं कास्टिंग ज्या दिवशी चढलं पाहिजे ती तारीख धरायची आणि तिथून उलटं मागे मागे जायचं. एक उदाहरण घेऊ, आकडे मी सोपे धरतोय पण गणित असंच असतं.

समजा ४२ किलोची केसिंग आहे, महिन्याला २०० लागतात, एका कंटेनरमध्ये ५०० येतात, आणि मशीनिंग १ जून २०२६ ला, सोमवारी, सुरू करायचंय. माल आल्यावर उतरवणं, मोजमाप, चार-पाच नग कापून बघणं आणि थोडा दम खायला वेळ, याला १० दिवस धरा, म्हणजे कंटेनर २२ मेला आपल्या गेटवर पाहिजे. न्हावा शेवाला जहाज लागल्यापासून कस्टम क्लिअर होऊन सोलापूरला पोचेपर्यंत ८ दिवस, म्हणजे जहाज १४ मेला लागलं पाहिजे. समुद्राचा प्रवास, चीनच्या बंदरातून, २४ दिवस धरले तर जहाज २० एप्रिलला सुटलं पाहिजे. पॅकिंग झालेला माल कंटेनरमध्ये भरून बंदरावर कट-ऑफच्या (जहाजासाठी माल घ्यायच्या शेवटच्या वेळेच्या) आधी पोचवायला ७ दिवस, म्हणजे १३ एप्रिलला माल पॅक होऊन तयार. आता फाउंड्रीच्या आतलं: फेटलिंग (ओतलेल्या नगाची वाळू आणि जास्तीचा धातू काढणं), हीट ट्रीटमेंट, शॉट ब्लास्टिंग, प्रायमर, तपासणी, पॅकिंग, याला ३ आठवडे, म्हणजे शेवटचा साचा २३ मार्चला ओतून झालेला हवा. आणि ५०० नग ओतायला २ आठवडे, म्हणजे ओतकाम ९ मार्चला सुरू.

९ मार्च ते १ जून, बरोबर १२ आठवडे. आणि हा रिपीट ऑर्डरचा हिशोब आहे, पॅटर्न तयार, सॅम्पल पास, सगळं ठरलेलं. तरी ओतल्यापासून तीन महिने.

आता या तारखेकडे नीट बघा. २०२६ चं चिनी नववर्ष १७ फेब्रुवारीला, त्यांचा कंदील उत्सव ३ मार्चला, गावाकडे गेलेले कामगार साधारण तेव्हाच परततात. म्हणजे आपलं ओतकाम नेमकं अशा आठवड्यात पडतंय जेव्हा भट्टी नुकतीच पेटलीय, सगळ्या ग्राहकांच्या राहिलेल्या ऑर्डरची रांग लागलीय आणि साच्यावर काही माणसं नवीन आहेत. असा लॉट मी घ्यायला सांगत नाही. पीओवरचे "९० दिवस" कागदावर बरोबर बसतात, मागून मोजल्याशिवाय ही अडचण दिसत नाही. उपाय दोनच, एकतर हा लॉट जानेवारीत ओतून घ्या आणि दोन महिने आधी स्टॉक सांभाळा, नाहीतर ९ मार्चचं २३ मार्च करा आणि मधले दोन आठवडे भागतील एवढे नग आधीच्या लॉटमध्ये वाढवून घ्या.

फाउंड्रीकडून शिपमेंटची तारीख मागू नका, ओतण्याचा आठवडा मागा

मला या सगळ्या लेखात एकच गोष्ट सांगायला सांगितली तर मी ही सांगेन.

शिपमेंटची तारीख सेल्सवाला देतो, आणि सेल्सवाला कुठल्याही देशातला असला तरी ग्राहकाला बरं वाटेल अशीच तारीख देतो. ओतण्याचा आठवडा मात्र प्रॉडक्शनवाल्याकडे असतो, कारण मोल्डिंग लाइनवर कुठला पॅटर्न कधी चढणार हे त्याच्या फळ्यावर लिहिलेलं असतं. तुमचा पॅटर्न फळ्यावर नसेल तर तुमची ऑर्डर अजून सुरूच झालेली नाही, मग मेलमध्ये काही का लिहिलेलं असेना.

फाउंड्रीचं काम आपल्या मशीन शॉपसारखं चालत नाही हे पण समजून घ्या. आपण सीएनसीवर सकाळी एक जॉब, दुपारी दुसरा लावू शकतो. तिकडे भट्टीत एकदा धातू वितळला की त्या ग्रेडचे जेवढे साचे भरलेले असतील तेवढे ओतायचे. तुमचा ग्रेड त्यांचा रोजचा असेल, समजा ग्रे आयर्नमधला, आपल्या एफजी २६० च्या जवळचा त्यांचा एचटी २५०, तर तुमचे साचे कुठल्याही दिवशी घुसवता येतात. पण तुमचा ग्रेड वेगळा असेल तर ते वाट बघतात, अजून एका ग्राहकाचा तोच ग्रेड आला की मग एकत्र हीट (भट्टीतली एक खेप) लावतात, आणि ही वाट बघणं कुठल्याच कागदावर दिसत नाही. म्हणून सरळ विचारायचं, हा ग्रेड तुम्ही आठवड्यात किती वेळा ओतता. "रोज" आणि "पंधरा दिवसांतून एकदा" या दोन उत्तरांत तुमच्या वेळापत्रकाचा महिना जाऊ शकतो. एसजी आयर्न (ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते ओतीव लोखंड) असेल तर अजून एक, मॅग्नेशियमची ट्रीटमेंट केल्यावर त्याचा परिणाम काही मिनिटांतच उतरायला लागतो, त्यामुळे लॅडल (वितळलेला धातू न्यायची बादली) भरल्यावर घाईत ओतावं लागतं, त्यात उशीर झाला तर नोड्युल (ते गोळे) नीट बनत नाहीत आणि अख्खी हीट रिजेक्ट. एसजीच्या लॉटला मी म्हणून एक आठवडा जास्तच धरतो.

आणि सगळ्यात जास्त माल तुंबतो तो फेटलिंगला. ओतणं मशीन करतं, रायझर (साच्याला जास्तीचा धातू पुरवणारा खुंट) तोडणं, ग्राइंडिंग, आतल्या पाण्याच्या वाटेतली वाळू काढणं हे बरंचसं हातानं होतं. ओतले ५०० पण पास झालेले १८० असं चित्र मी कितीतरी वेळा बघितलंय.

एकदा आम्हाला एका फाउंड्रीकडून मेल आला, माल रेडी आहे, कंटेनर बुक करा. आम्ही केला, फॉरवर्डरने (जहाजात जागा बुक करून देणाऱ्या एजंटने) रिकामा कंटेनर पाठवला, आणि तिथे गेल्यावर कळलं की "रेडी" म्हणजे ओतून झालाय, अर्धा माल अजून वाळूसकट ढिगात पडलाय. ते जहाज गेलं, पुढच्या जहाजात जागा नाही, तोपर्यंत इथे लाइन थांबली, आणि आमच्या ग्राहकाने लेट डिलिव्हरीचे पैसे कापले ते वेगळंच. त्या दिवसापासून मी दर शुक्रवारी चार आकडे मागतो, साचे किती भरले, ओतले किती, फेटलिंग होऊन किती बाहेर आले, तपासणीत पास किती. सोबत ढिगाचा फोटो, ज्यात हीट नंबर वाचता आला पाहिजे. हे चार आकडे एका वहीत किंवा एक्सेलमध्ये आठवड्याला एक ओळ असे लिहीत गेलात तर तिसऱ्या ओळीपर्यंत तुम्हालाच कळायला लागतं की १३ एप्रिल पाळला जाणार आहे का नाही, फाउंड्रीने सांगायच्या आधी.

पॅटर्न नवीन असेल तर वेगळं वेळापत्रक

वरचे १२ आठवडे विसरा. नवीन पॅटर्न आणि कोअर बॉक्स (आतली पोकळी बनवणाऱ्या वाळूच्या कोअरचा साचा) बनवायला ४ ते ६ आठवडे, सॅम्पल ओतून तयार व्हायला ३ आठवडे, कुरिअरने विमानातून इकडे यायला एक आठवडा, आणि इथे आपण ते मोजून, मशीन करून, कापून बघायला दोन आठवडे. पहिल्याच सॅम्पलला पास झालं तर नशीब, मी तरी एक दुरुस्ती धरूनच चालतो, कधी भिंतीची जाडी कमी येते, कधी कोअर सरकलेला असतो, कधी फ्लॅंजच्या मुळाशी श्रिंकेज (धातू गोठताना राहिलेली पोकळी). म्हणजे पीओपासून सॅम्पल पास व्हायलाच अडीच-तीन महिने, एक दुरुस्ती झाली की चारच्या पुढे, आणि त्यानंतर ते १२ आठवडे सुरू.

हे कमी करायचं असेल तर ते पीओच्या आधी करता येतं, नंतर नाही. ड्रॉइंगवर मशीनिंग अलाउन्स कुठल्या फेसला किती, क्लॅम्पिंग कुठे करणार, हीट नंबर आणि पार्ट नंबर कुठे उठावात पाहिजे, प्रेशर टेस्ट किती बारला, रंग आतून लावायचा का नाही, हे सगळं आधीच लिहून द्या. फाउंड्रीला आपल्या फिक्स्चरचा फोटो पाठवा, ते खरंच बघतात. आमच्या एका जॉबमध्ये रायझरचा ठसा नेमका क्लॅम्पिंगच्या पॅडवर आला होता, ड्रॉइंगवर पॅड दाखवलेलाच नव्हता, त्या एका गोष्टीपायी पाच आठवडे गेले.

आणि पॅटर्नचे पैसे आपण दिलेत तर पॅटर्न आपल्या मालकीचा असं पीओवर स्पष्ट लिहा, कधी फाउंड्री बदलायची वेळ आली तर तोच अडकून बसतो. सॅम्पल घाईत, फोटोवर, पास करू नका. मालक मागे लागले तरी नाही. सॅम्पलला वाचवलेले दहा दिवस नंतर ५०० नगांच्या रूपाने परत येतात, आणि तेव्हा माल समुद्र ओलांडून आलेला असतो, परत पाठवणं परवडत नाही.

दोन भिंतीकॅलेंडर शेजारी लावा

एक आपलं, एक त्यांचं. चीनचं असेल तर नववर्ष दर वर्षी सरकतं, २०२५ ला २९ जानेवारी होतं, २०२६ ला १७ फेब्रुवारी, २०२७ ला ६ फेब्रुवारी. सरकारी सुट्टी आठवड्याभराची असली तरी फाउंड्री तीन-चार आठवडे धड चालत नाही हे गृहीत धरा, आणि सुट्टीच्या आधीचे दोन आठवडे जहाजांत जागा मिळत नाही, सगळ्या जगाला माल तेव्हाच काढायचा असतो. मग १ ऑक्टोबरपासूनचा त्यांचा आठवडा. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात प्रदूषण वाढलं की फाउंड्र्यांवर निर्बंध येतात, हेबेई वगैरे भागातून घेत असाल तर नोव्हेंबर ते मार्च हे लक्षात ठेवा. इटलीतून घेत असाल तर ऑगस्ट सोडूनच द्या, तो अख्खा देश सुट्टीवर असतो. तुर्कस्तानात दोन्ही ईद, त्या दर वर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येतात.

आपल्या कॅलेंडरवर संक्रांतीची सिद्धेश्वरांची यात्रा, त्या चार-पाच दिवसांत कंटेनर आला तर उतरवायला माणसं मिळत नाहीत, मिळू पण नयेत, वर्षातून एकदा नंदीध्वज निघतात. दिवाळीचं सांगायलाच नको. आणि आषाढी, पालखीच्या दिवसांत पुणे-सोलापूर रस्त्यावरची जड वाहतूक वळवतात, ट्रेलर एक-दोन दिवस कुठेतरी अडकणार हे धरून चला आणि ड्रायव्हरला उगीच फोन करकरून त्रास देऊ नका.

युरोप आणि तुर्कस्तानच्या मालाला अजून एक गोष्ट. मार्च २०२१ ला एव्हर गिव्हन सुएझमध्ये आडवं झालं ते सहा दिवसांत निघालं, पण त्याने तुंबलेल्या बंदरांना सावरायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागला. आणि २०२३ च्या शेवटापासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर मोठ्या शिपिंग लाइन्सनी आफ्रिकेला वळसा घालून जायला सुरुवात केली, त्यात प्रवासाचे दहा-पंधरा दिवस सहज वाढतात. त्यामुळे तिकडच्या मालाला जुन्या फाइलमधले ट्रान्झिटचे दिवस उतरवू नका, बुकिंगच्या वेळी फॉरवर्डरला विचारा, जहाज कुठल्या मार्गाने जाणार आणि मधे कुठे माल बदलणार. चीनकडून येताना पण कोलंबो किंवा पोर्ट क्लांगला कंटेनर उतरून दुसऱ्या जहाजाची वाट बघत बसला तर तिथे आठवडा जाऊ शकतो. डायरेक्ट सर्व्हिसला थोडं जास्त भाडं पडलं तरी मी कास्टिंगला तीच घेतो.

कंटेनर वजनाने भरतो, जागेने नाही

नवीन माणूस कंटेनरची लांबी-रुंदी बघतो. कास्टिंगला तिचा उपयोग कमी, २० फुटी कंटेनर अर्धा रिकामा दिसत असतानाच वजन संपतं. मी २२ टनांच्या आसपास थांबतो, कारण पुढे रस्त्यावर ट्रेलरचं वजन पण नियमात बसावं लागतं, तुमच्या ट्रान्सपोर्टरला त्याच्या गाडीचा आकडा विचारून मगच ठरवा. २२ टनांतून पॅलेटचा एक टन वजा, २१,००० भागिले ४२, बरोबर ५००. वरच्या उदाहरणातले ५०० इथून आले. महिन्याला २०० च्या हिशोबाने हा कंटेनर अडीच महिने पुरतो, म्हणून ऑर्डरचा आकडा महिन्याच्या गरजेवरून नाही, कंटेनरच्या पटीत ठरवा. ३२० नग मागवलेत तर भाडं तेवढंच आणि किलोमागे खर्च दीडपटीच्या वर.

एकापेक्षा जास्त पार्ट असतील तर मात्र एकाच कंटेनरमध्ये मिसळून घ्या, आणि कुठला पार्ट किती हे आपण लिहून द्या, त्यांच्यावर सोडू नका. त्यांच्यावर सोडलं की जो आधी तयार तो भरून पाठवतात, आणि इथे ४०० केसिंग येतात पण इम्पेलर एकही नाही, म्हणजे पंप शून्य.

१ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं प्रत्यक्ष वजन, व्हीजीएम, दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. फाउंड्रीने ड्रॉइंगवरच्या वजनाला नग गुणून आकडा दिला आणि खरं वजन वेगळं निघालं तर बंदरावरच अडकतं, कास्टिंग ड्रॉइंगपेक्षा थोडं जड येणं तर रोजचंच. काट्यावर वजन करायला सांगा आणि काट्याची पावती मागा.

पॅकिंगवर पैसे वाचवू नका. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम १५ चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) शिक्का पाहिजे, नसेल तर इथे क्वारंटाइनमध्ये माल अडकतो. आणि गंज! सोलापूरच्या कोरड्या हवेत आपल्याला गंजाची सवय नाही, पण बंद कंटेनर गरम-थंड होत समुद्रावरून येताना आत छताला पाणी धरतं आणि ते मालावर टपकतं. एका पावसाळ्यात आमचा असा लॉट आला, पिशव्या फाटक्या, मशीन केलेल्या फेसवर लाल थर, घासून साफ करण्यात दोन आठवडे गेले आणि काही नग मापात राहिलेच नाहीत. तेव्हापासून व्हीसीआय (गंज रोखणारी) पिशवी, गंजरोधक तेल आणि कंटेनरमध्ये ओलावा शोषणाऱ्या पिशव्या, तिन्ही पीओवर लिहितो आणि कंटेनर बंद करायच्या आधीचे फोटो मागतो.

कागद जहाजाच्या आधी पोचले पाहिजेत

इथे थोडक्यात लिहितो, कारण बाकीचं तुमचा सीएचए (कस्टमचं काम करणारा एजंट) सांभाळतो, पण वेळापत्रकात या गोष्टींना तारीख द्या. आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) असणं आणि बँकेच्या एडी कोडची (परकीय चलनाचं काम करणाऱ्या शाखेच्या नंबरची) कस्टमकडे नोंदणी, हे पहिल्यांदा मागवताना महिनाभर आधी उरका. कास्टिंग कस्टमच्या यादीतल्या चॅप्टर ७३ मध्ये (लोखंड-पोलादाच्या वस्तू) बसत असेल तर स्टील इम्पोर्ट मॉनिटरिंग सिस्टीमची नोंदणी लागते, पंपाचा पार्ट म्हणून चॅप्टर ८४ मध्ये (यंत्रं) जात असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा नंबर) पीओच्या वेळीच सीएचएकडून पक्का करून घ्या, माल बंदरावर आल्यावर नाही.

बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमचा कागद) साधारणपणे जहाज लागायच्या आदल्या दिवसापर्यंत भरलेली असावी लागते, २०२१ पासून हा नियम आहे, उशीर झाला तर पहिले ३ दिवस रोजचे ५,००० आणि पुढे रोजचे १०,००० रुपये. म्हणजे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल (शिपिंग लाइनची मालाची पावती), टेस्ट सर्टिफिकेट यांच्या कॉपी जहाज सुटल्यापासून आठवड्यात मेलवर आल्या पाहिजेत, हे पीओवर लिहा. पेमेंट ३० टक्के अ‍ॅडव्हान्स आणि ७० टक्के बीएलच्या कॉपीवर असं असेल तर तुमचे ७० टक्के गेल्याशिवाय तिकडून बीएल सरेंडर होत नाही, म्हणजे इथे माल सुटत नाही, त्यामुळे अकाउंट्सला जहाज सुटायची तारीख आधीच कळवून ठेवा. मार्च अखेरीला बँकेत कामं कशी रेंगाळतात ते माहितीये. एलसी (बँकेची पेमेंटची हमी) असेल तर शेवटच्या शिपमेंटच्या तारखेत दोन आठवड्यांची ढील ठेवा, ती तारीख चुकली की अमेंडमेंट, त्याचा चार्ज, आणि तोपर्यंत तयार माल तसाच पडून. कागद बँकेत सादर करायला वेगळं काही लिहिलं नसेल तर शिपमेंटनंतर २१ दिवस मिळतात, आणि जवळच्या देशातून माल त्याच्या आत येऊन उभा राहू शकतो, मग कागद बँकेत आणि कंटेनर बंदरात.

न्हावा शेवा ते सोलापूर

वरच्या हिशोबात ८ दिवस धरले, ते असे: जहाजावरून उतरून सीएफएसला (बंदराजवळच्या कस्टमच्या कंटेनर यार्डात), तपासणी निघाली तर ती, ड्युटी भरणं, ट्रेलर मिळणं, आणि जवळजवळ चारशे किलोमीटर रस्ता, घाट चढून पुणे आणि मग इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ. काम सुरळीत झालं तर पाच दिवसांत पण होतं. पण मी पाच धरत नाही.

एक निर्णय आधी घ्यावा लागतो, कंटेनर सोलापूरपर्यंत आणायचा का सीएफएसला खाली करून ट्रकने माल आणायचा. कंटेनर आणला तर माल एकदाच हाताळला जातो पण रिकामा कंटेनर परत मुंबईकडे पोचवेपर्यंत शिपिंग लाइनचे फ्री दिवस मोजले जात असतात, ते संपले की डिटेन्शन, रोजचं आणि डॉलरमध्ये, आणि जसजसे दिवस जातील तसा दर चढतो. बुकिंग करतानाच १४ फ्री दिवस मागा. बहुतेक वेळा मिळतात, पण मागावे लागतात आणि जहाज सुटायच्या आधी मागावे लागतात. एफओबीवर (जहाजाचं भाडं आपण भरायचं) घेतलंत तर शिपिंग लाइन आणि फॉरवर्डर तुम्ही निवडता त्यामुळे हे बोलणं तुमच्या हातात राहतं, सीआयएफला (भाडं आणि विमा विक्रेता भरतो) ते विक्रेत्याच्या हातात जातं. नवीन लोकांना सीआयएफ सोपं वाटतं, माझं मत विचाराल तर पहिल्या ऑर्डरपासून एफओबी शिका.

आपल्याकडचे टॉवेलवाले एक्सपोर्टर बऱ्याचदा विचारतात, तुमचा रिकामा कंटेनर आम्हाला द्या की, आम्ही भरून पाठवतो. कल्पना चांगली, शिपिंग लाइन तयार असेल तर दोघांचं भाडं वाचतं, पण कास्टिंगचा कंटेनर २० फुटी, आत तेलाचे डाग आणि लोखंडाचा बुरा, त्यात पांढरा टॉवेल कोण भरणार. यंत्राचे सुटे भाग पाठवणारा कुणी ओळखीचा असेल तर जरूर विचारा.

ट्रेलर गेटवर यायच्या आधी फोर्कलिफ्टची क्षमता आणि धक्का बघून ठेवा. दीड टनाची फोर्कलिफ्ट आणि दोन टनाचं पॅलेट, असं झालं तर माणसं लावून एकेक नग हाताने काढावा लागतो, मे महिन्याच्या आपल्या उन्हात पत्र्याच्या कंटेनरमध्ये ते काम कुणाला सांगू नये.

रिजेक्शन आणि बफर

बाहेरच्या कास्टिंगचा एक नग रिजेक्ट झाला तर तो बदलून यायला पुन्हा ते १२ आठवडे. कोल्हापूरवाला दोन दिवसांत बदलून देतो, ती सवय इथे चालत नाही. म्हणून पहिल्या लॉटला मी शेकडा ५ ते ८ नग जास्तीचे धरतो, ब्लो होल (आत अडकलेल्या वायूची भोकं) आणि श्रिंकेज बऱ्याचदा मशीनिंग केल्यावरच दिसतात. पुढे त्या फाउंड्रीचा खरा आकडा कळला की त्याप्रमाणे कमी. आणि बफर किती ठेवायचा तर आजवर जास्तीत जास्त किती उशीर झालाय तेवढ्या दिवसांचा. महिन्याला २०० लागत असतील आणि उशीर तीन आठवड्यांपर्यंत होत असेल तर १५० नग कोपऱ्यात, हात न लावता. मालकांना हे पैसे पडून राहिलेले दिसतात, त्यांना लाइन एक दिवस थांबली तर किती जातात तो आकडा शेजारी लिहून दाखवा, मग ऐकतात. अगदीच वेळ आली तर वीस-पंचवीस नग विमानाने मागवता येतात, पण ४२ किलोला विमानाचं भाडं काय पडतं ते आधी विचारून ठेवा, ऐनवेळी घाबरून हो म्हणू नका.

आता परत त्या कंटेनरकडे. २२ मेला तो गेटवर आला, ५०० नग, १ जूनपासून महिन्याला २०० ने ऑगस्टच्या मध्यापर्यंत पुरणार. पुढच्या लॉटचं पहिलं कास्टिंग १६ ऑगस्टला मशीनवर पाहिजे, तिथून १२ आठवडे मागे जा, २४ मे. म्हणजे या कंटेनरचं सील तोडताय त्याच आठवड्यात पुढच्या लॉटचं ओतकाम तिकडे सुरू झालेलं असलं पाहिजे. त्यामुळे गेटवर ट्रेलर उभा असतानाच फाउंड्रीच्या प्रॉडक्शनवाल्याला मेसेज टाका, साचे किती भरले, आणि फळ्याचा फोटो मागा.